समुद्र, पाऊस आणि विहिरीचे पाणी: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात जुलैमध्ये अंगणात पाय ठेवायला कोरडी जागा सापडत नाही आणि मे महिन्यात त्याच गावात टँकरची वाट पाहावी लागते. समोर अथांग समुद्र असताना पिण्याच्या पाण्याची चणचण का, किनाऱ्यालगतच्या विहिरीला गोडे पाणी कसे लागते, नदीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ का होते, असे प्रश्न विद्यार्थी विचारतात तसे शेतकरी आणि गृहिणीही विचारतात. वरवर पाहता हे प्रश्न सुटेसुटे वाटतात, परंतु त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एकच बाब आहे: पाणी कोणत्या ठिकाणी किती काळ मुक्काम करते. खालील उत्तरे वाचताना हा मुक्कामाचा हिशेब ध्यानात ठेवावा.

पृथ्वीवर एकूण पाणी किती आणि त्यातले आपल्या उपयोगाचे किती?

पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग समुद्राने व्यापलेला आहे आणि पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी सुमारे ९७ टक्के पाणी खारे आहे. जे थोडे गोडे पाणी उरते, त्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग ध्रुवीय प्रदेशांतील आणि उंच पर्वतांवरील बर्फात अडकलेला आहे, तर बाकीचा बहुतेक भाग जमिनीखाली आहे. नद्या, तलाव आणि ओढे यांत दिसणारे पाणी हे गोड्या पाण्याच्या शेकडा एक भागही भरत नाही.

जलचक्राची सुरुवात कोठून होते?

चक्राला सुरुवात नसते, पण सोयीसाठी समुद्रापासून आरंभ करणे योग्य ठरते, कारण जगात होणाऱ्या बाष्पीभवनापैकी सुमारे ८६ टक्के बाष्पीभवन समुद्रावरून होते. त्या वाफेचे ढग होतात आणि त्यांतले बहुतेक पाणी पुन्हा समुद्रावरच बरसते. जो थोडा हिस्सा वारे जमिनीकडे वाहून आणतात, त्यावर आपली शेती, आपल्या विहिरी आणि आपली धरणे अवलंबून असतात. जमिनीवर पडलेले पाणी काही अंशी झाडांमधून आणि मातीतून वाफ होऊन परत हवेत जाते, काही अंशी जमिनीत मुरते आणि उरलेले नदीवाटे समुद्राला मिळते.

या प्रवासातले मुक्काम मात्र अगदी असमान आहेत. पाण्याचा एखादा रेणू हवेत सरासरी नऊ-दहा दिवस राहतो, तर समुद्रात पोहोचल्यावर त्याचा तेथील सरासरी मुक्काम सुमारे ३,००० वर्षांचा असतो. मोठ्या नद्यांमध्ये पाणी काही आठवडे ते काही महिने रेंगाळते. भूजलाचा मुक्काम काही आठवड्यांपासून हजारो वर्षांपर्यंत काहीही असू शकतो आणि तो खडकाच्या जातीवर ठरतो. हवेतला मुक्काम किती आखूड आहे, याची कल्पना आणखी एका गोष्टीवरून येते: सगळ्या पृथ्वीच्या वातावरणातील वाफ एकाच वेळी पाऊस होऊन सर्वत्र सारखी पडली, तर जेमतेम २५ मिलिमीटर जाडीचा थर होईल. गोव्यात जुलैत तेवढा पाऊस एका दिवसात सहज पडतो. याचा अर्थ असा की आपल्या डोक्यावरच्या हवेत साठवण जवळजवळ नाही आणि पाऊस चालू राहायचा असेल, तर वाऱ्याने समुद्रावरून वाफ अखंड आणत राहिले पाहिजे. वाऱ्यात चार दिवस खंड पडला की लख्ख ऊन पडते, ते यामुळेच.

समुद्राच्या पाण्याचाच पाऊस होतो, तर तो खारट का नसतो?

बाष्पीभवनात फक्त पाण्याचे रेणू हवेत जातात आणि क्षार मागे राहतात. लाटा फुटताना उडणाऱ्या तुषारांतून मिठाचे अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात हे खरे आहे, आणि किनाऱ्यावरच्या घरांचे गज आणि पत्रे लवकर गंजतात ते त्यामुळेच. परंतु पावसात त्यांचे प्रमाण चवीला कळण्याइतके नसते. उलट, हेच कण ढगातील थेंब तयार होण्यासाठी गाभ्याचे काम करतात.

वाफ होण्यासाठी लागणारी उष्णताही येथे सांगितली पाहिजे. एक लिटर पाणी ३० अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत तापवण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारे आठपट उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ करण्यास लागते. ही उष्णता समुद्र सूर्यापासून घेतो, वाफ ती आपल्यासोबत नेते आणि ढग बनताना ती हवेत मोकळी होते. मोसमी वाऱ्यांना आणि चक्रीवादळांना बळ मिळते ते याच मोकळ्या झालेल्या उष्णतेतून. मे २०२१ मध्ये गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलेल्या तौक्ते वादळाची ताकदही उन्हाने तापलेल्या अरबी समुद्रातूनच आली होती.

समुद्र मुळात खारट कशामुळे झाला, आणि तो दिवसेंदिवस अधिक खारट होत आहे का?

पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि ते किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी खडकांवरून वाहताना त्यांतील खनिजे थोडी थोडी विरघळवून सोबत घेते आणि नद्या ती समुद्रात नेऊन टाकतात. याखेरीज ज्वालामुखींतून बाहेर पडणाऱ्या वायूंतून क्लोरीन आले आणि समुद्रतळावरील उष्ण झऱ्यांतूनही खनिजे मिसळत राहिली. नदीचे पाणी आपल्याला गोड लागते, कारण त्यात लिटरमागे क्षार अगदी अल्प, सरासरीने एका ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतात; समुद्रात मात्र दर किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आहेत. पाणी वाफ होऊन परत जात राहिले आणि क्षार मागे उरत राहिले, असे कोट्यवधी वर्षे घडल्याचा हा परिणाम आहे. समुद्रातील सर्व मीठ काढून जगभरच्या जमिनीवर पसरले, तर त्याचा थर दीडशे मीटरहून जाड होईल.

येथे एक शंका रास्त आहे. नद्या जे क्षार आणतात, त्यांत कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांचे प्रमाण मोठे असते, मग समुद्रात सोडियम आणि क्लोराइड यांचेच वर्चस्व का? याचे उत्तर पुन्हा मुक्कामात आहे. कॅल्शियम सजीव वापरून टाकतात. आपण बाजारातून आणतो त्या तिसऱ्या, शिनाणे आणि कालवे यांची कवचे, तसेच प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्मजीव हे सारे कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असते, आणि ते जीव मेले की कवचे तळाशी साचून पुढे चुनखडक बनतो. त्यामुळे कॅल्शियमचा समुद्रातील मुक्काम सुमारे दहा लाख वर्षांचा भरतो, तर सोडियमला असा मोठा गिऱ्हाईक नसल्यामुळे ते कोट्यवधी वर्षे पाण्यातच राहते. तरीही तेही हळूहळू बाहेर पडते: काही तळाच्या चिकणमातीत अडकते, काही आटलेल्या समुद्रांच्या जागी मिठाच्या थरांत बंदिस्त होते. येणारे आणि जाणारे क्षार बऱ्याच अंशी समतोल असल्यामुळे समुद्राचा खारटपणा मानवी काळाच्या मापाने स्थिर आहे, असे मानण्यास हरकत नाही.

मिठागरात नेमके काय घडते?

पेडण्यातील आगरवाडा, बार्देशातील हडफडे आणि नेरूळ, तिसवाडीतील रायबंदर आणि बाती या भागांत मिठागरांची परंपरा आहे. तेथे जाऊन पाहिले, तर बाष्पीभवन आणि क्षार या दोन्ही गोष्टी डोळ्यांदेखत समजतात. भरतीचे पाणी आधी मोठ्या, उथळ खाचरांत घेतले जाते आणि उन्हात तापत तापत ते टप्प्याटप्प्याने पुढच्या खाचरांत सोडले जाते. प्रत्येक टप्प्यावर वेगळा क्षार बाहेर पडतो: प्रथम चुन्याचा अंश, पाणी आटून मूळच्या सुमारे एकपंचमांश झाले की जिप्सम, आणि सुमारे एकदशांश उरले की आपले रोजचे मीठ. शेवटच्या खाचरात दुपारच्या वेळी वाकून पाहिले असता पाण्याच्या पृष्ठभागावर पातळ, चौकोनी पापुद्रे तरंगताना दिसतात. वाऱ्याने ते एका कडेला सरकतात, एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. मग लांब दांड्याला बसवलेल्या लाकडी फळीने ते मीठ ओढून बांधावर ढीग घातले जातात. मागे उरणारे कडवट पाणी मॅग्नेशियमच्या क्षारांचे असते आणि ते वेळीच काढून टाकले नाही, तर मिठाला कडवटपणा येतो. केव्हा थांबायचे हे ओळखण्यात मीठ करणाऱ्याचे सारे कसब आहे. अवकाळी पावसाची एक सर आली, तरी पाणी पातळ होऊन अनेक दिवसांचे काम वाया जाते.

ही कला आता मोजक्या कुटुंबांपुरती उरली आहे. रसायनशास्त्राचा इतका स्पष्ट धडा घरापासून तासाभराच्या अंतरावर असताना शाळांनी मुलांना तो दाखवू नये, हे मला मनापासून खटकते.

अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा अधिक खारट का आहे?

बंगालच्या उपसागराला गंगा आणि ब्रह्मपुत्रेसारख्या महानद्या गोडे पाणी आणून देतात आणि तेथे पाऊसही भरपूर पडतो. अरबी समुद्राच्या पश्चिमेला आणि उत्तरेला वाळवंटी प्रदेश आहेत, नद्यांचे पाणी तुलनेने कमी येते आणि बाष्पीभवन पावसापेक्षा अधिक होते. म्हणून अरबी समुद्राच्या बऱ्याच भागात पृष्ठभागाचा खारटपणा दर किलोग्रॅमला ३६ ग्रॅमच्या आसपास असतो, तर उपसागराच्या उत्तर भागात तो त्याहून बराच कमी होतो. हिवाळ्यात मात्र किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो आणि उपसागरातले कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचते. पावसाळ्यात हाच प्रवाह दिशा बदलून दक्षिणेकडे वाहू लागतो.

गोव्यात एवढा पाऊस का पडतो?

दक्षिण हिंदी महासागरावरून येणारे वारे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून अरबी समुद्र पार करून आपल्याकडे येतात. वाटेत ते वाफेने भरतात. सर्वसाधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात मोसमी पाऊस गोव्यात दाखल होतो आणि वर्षाच्या सुमारे ३,००० मिलिमीटर पावसापैकी ९० टक्क्यांच्या आसपास पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

किनाऱ्यापासून आत जावे तसा पाऊस वाढत जातो, कारण सह्याद्रीची भिंत हवेला वर चढण्यास भाग पाडते. वर चढणारी हवा प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातली वाफ धरून ठेवण्याची क्षमता घटते. म्हणूनच पणजीपेक्षा सत्तरी आणि सांगे या घाटपायथ्याच्या तालुक्यांत पावसाचा जोर अधिक असतो. घाटमाथा ओलांडून हवा खाली उतरू लागली की ती पुन्हा तापते आणि कोरडी होते. त्यामुळे बेळगावला पणजीच्या निम्म्याहूनही कमी पाऊस मिळतो आणि धारवाडला त्याहूनही कमी.

मग एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात विहिरी का आटतात?

साधा हिशेब करू. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. त्यावर तीन मीटर उंचीचे पाणी पडते असे धरले, तर वर्षाला सुमारे ११ घन किलोमीटर पाणी आकाशातून येते. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या पुढे होती, म्हणजे माणशी सात हजार घनमीटरहून अधिक. तेव्हा पडणारे पाणी कमी आहे असे कोणीही म्हणू शकणार नाही. कमी आहे तो त्याचा जमिनीवरील मुक्काम.

घाटमाथ्यापासून समुद्र उणापुरा साठ-पासष्ट किलोमीटर आहे. कर्नाटकातील खानापूरच्या जंगलात उगम पावणारी म्हादई, जी खाली मांडवी म्हणून ओळखली जाते, तिची लांबीही अवघी सुमारे ८० किलोमीटर भरते. एवढ्या तीव्र उतारावरून आणि एवढ्या थोड्या अंतरात पावसाळ्याचे पाणी एक-दोन दिवसांत समुद्राला मिळते.

दुसरा भाग जमिनीखालचा. गोव्याचा मोठा भाग जांभ्या दगडाचा आहे. जांभा भोकाभोकांचा असतो, पाणी झटकन पितो आणि तितक्याच झटकन सोडूनही देतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, पडलेला पाऊस खाली झिरपतो, त्याखालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो आणि आडवा सरकत सड्याच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर पडतो. अनेक गावांच्या झऱ्या, देवळांच्या तळ्या आणि कुळागरांतील (सुपारी-नारळाच्या बागांतील) पाट याच पाण्यावर चालतात. सड्याला म्हणूनच ओसाड किंवा निरुपयोगी जमीन म्हणणे चुकीचे आहे. ती पायथ्याच्या गावाची टाकी असते. सड्यावर काँक्रीट पसरले की तेच पाणी गटारातून वाहून जाते आणि फेब्रुवारीपर्यंत वाहणारी झरी डिसेंबरातच थांबते. खाणपट्ट्यात आणखी एक कारण आहे: भुसभुशीत लोहखनिजाचे थर स्वतःच उत्तम जलधारक असतात आणि खाण भूजलपातळीच्या खाली गेली की खड्ड्यातले पाणी सतत उपसावे लागते, त्यामुळे आसपासच्या विहिरींची पातळी उतरते.

पाण्याचा मुक्काम लांबवण्याचे जे उपाय आहेत, त्यांत साळावलीसारखे मोठे धरण आहे, तसे पावसाळा संपताच ओढ्यांवर घातले जाणारे बंधारेही आहेत. माझ्या मते दुसऱ्या प्रकाराकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण बंधाऱ्यामागे अडलेले पाणी आजूबाजूच्या विहिरींनाही पोसते.

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या विहिरीचे पाणी गोडे कसे?

कळंगुट, कांदोळी किंवा कोलवा येथील जुन्या घरांच्या विहिरी पाहून हा प्रश्न पडतोच. समुद्राचे पाणी जमिनीखालून आत शिरते हे खरे, पण पावसाचे मुरलेले गोडे पाणी त्याच्यापेक्षा हलके असते. गोड्या पाण्याची घनता १ धरली, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ भरते. या अल्प फरकामुळे गोडे पाणी वाळूतल्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहते. समतोल स्थितीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जितकी वर असते, त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत खाली गोडे पाणी असते. हा नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घायबेन आणि हर्झबर्ग यांनी युरोपच्या किनाऱ्यावरील विहिरींच्या अभ्यासातून मांडला.

हाच नियम उलट्या बाजूने वाचला, तर धोका लक्षात येतो. पंपाने उपसा करून विहिरीची पातळी कायमची एक मीटरने खाली आणली, तर कालांतराने खालची खारी सीमा चाळीस मीटरपर्यंत वर सरकू शकते. हे एका रात्रीत होत नाही; आणि म्हणूनच उपसा करणाऱ्याला आपण काय करीत आहोत हे कळत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असते, तर पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने स्वीकारार्ह मानलेली मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे. गोड्या पाण्यात शेकडा दोन भाग समुद्राचे पाणी मिसळले, तरी ती मर्यादा ओलांडली जाते. एकदा वाळूत शिरलेले खारेपण धुऊन निघण्यास अनेक पावसाळे लागतात. दोरी-कळशीने पाणी काढणाऱ्या पिढ्यांना हा नियम ठाऊक नव्हता, पण त्यांचा उपसा पावसाच्या भरण्यापेक्षा कमी राहिला, म्हणून त्या विहिरी गोड राहिल्या. आज किनाऱ्यावर कूपनलिका खोदणाऱ्याने खोली वाढवण्यापूर्वी दोनदा विचार करावा, कारण येथे अधिक खोल म्हणजे अधिक खाऱ्याच्या जवळ.

भरती-ओहोटी दररोज वेगवेगळ्या वेळी का येते?

भरतीचे मुख्य कारण चंद्राचे गुरुत्वाकर्षण आहे; सूर्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते, तेवढ्या वेळात चंद्रही आपल्या कक्षेत पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याला पुन्हा गाठण्यास सुमारे ५० मिनिटे अधिक लागतात. त्यामुळे दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर राहते आणि भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने किंवा त्याहून थोडी अधिक पुढे जाते. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ती याच हिशेबाने: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. गोव्यात भरती त्याहून थोडी अलीकडे येते, आणि होडी घालणाऱ्याने किंवा शिंपले वेचण्यास जाणाऱ्याने छापील वेळापत्रकच पाहावे.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचा परिणाम एकत्र येतो आणि उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती, येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सर्वांत लहान, भरती असते. गोव्यात उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो. उत्तरेकडे हा फरक वाढत जातो आणि खंभातच्या आखातात तो अनेक पटींनी मोठा होतो, कारण तेथे आखात निमुळते आणि उथळ होत गेल्याने भरतीची लाट उंचावते.

नदीत खारे पाणी किती आत शिरते, आणि खाजन शेती त्यातून कशी टिकते?

मांडवीत भरतीचा परिणाम गांज्यापर्यंत आणि झुआरीत सावर्ड्यापर्यंत, म्हणजे मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत जाणवतो. पावसाळ्यात नदीचा लोंढा इतका जोरदार असतो की मुखाजवळही वरचे पाणी जवळजवळ गोडे होते. पाऊस ओसरला आणि नदीचा प्रवाह क्षीण झाला की दर भरतीबरोबर खारेपणा थोडा थोडा वर सरकतो आणि मे महिन्यात तो सर्वांत आत पोहोचतो. म्हादईचे पाणी वळवण्यावरून कर्नाटकाशी असलेला प्रश्न म्हणूनच केवळ पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्यापुरता मर्यादित नाही. उन्हाळ्यात वरून किती गोडे पाणी येते, यावर खाली खारे पाणी कोठे थांबते हे ठरते.

या खाऱ्या-गोड्या सीमेवर गोवेकरांनी फार पूर्वी, पोर्तुगीज येण्याच्याही आधी, खाजन शेती उभी केली. नदीकाठी मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडवले आणि बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे दार, बसवला. मानसाची लाकडी दारे अशा रीतीने जोडलेली असतात की भरतीच्या पाण्याचा दाब आला की ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाळ्यात पहिल्या सरींनी जमिनीतले मीठ धुऊन निघते, मग कोरगुटसारखा खारेपणा सोसणारा भात लावला जातो, आणि कापणीनंतर खारे पाणी मर्यादेत आत घेऊन कोळंबी आणि मासळी मिळवली जाते. कोणतेही यंत्र न वापरता चंद्राच्या ओढीवर चालणारी ही व्यवस्था गावकऱ्यांनी एकत्रितपणे सांभाळली. बांध एका ठिकाणी फुटला, तरी सगळ्या गावाचे शेत खारे होते, त्यामुळे ती एकट्यादुकट्याने सांभाळता येण्यासारखी नाही.

पावसाळ्यात समुद्र गढूळ का होतो आणि किनाऱ्यावरची वाळू कोठे जाते?

नद्यांनी आणलेला गाळ आणि लाटांनी ढवळलेला तळ या दोहोंमुळे पाणी तपकिरी दिसते. उंच लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचे उंचवटे करतात आणि ऑक्टोबरनंतरच्या सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. आग्वादजवळ मांडवीच्या मुखावर असलेला वाळूचा उथळ पट्टा पावसाळ्यात जलवाहतुकीला इतका धोकादायक ठरे की खनिज वाहणाऱ्या बार्जना मांडवी आणि झुआरी जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरावे लागे. याच काळात किनाऱ्यावर आलेले पाणी अरुंद पट्ट्यांतून वेगाने समुद्राकडे परतते. अशा ओढीत सापडलेल्याने सरळ किनाऱ्याकडे झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे. आणि पावसाळ्यात पाण्यात न उतरणे सर्वांत उत्तम.

पावसाळ्यात समुद्राचे पाणी थंड का होते, आणि त्याचा मासळीशी संबंध काय?

मे महिन्यात गोव्याच्या समुद्राचा पृष्ठभाग सुमारे ३० अंशांपर्यंत तापतो. पावसाळ्यात ढगांमुळे ऊन अडते, वारे पाणी ढवळतात आणि किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर येऊ लागते. या खालच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी आणि त्यांच्या जोरावर पुढे तारले आणि बांगडे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, ती बऱ्याच माशांच्या प्रजननकाळाशी जुळते.

या समृद्धीची दुसरी बाजूही आहे. अरबी समुद्रात सुमारे १५० ते १,००० मीटर खोलीच्या दरम्यान प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प आहे, कारण वरून खाली पडणारे सेंद्रिय द्रव्य कुजताना तो वापरला जातो. वर येणारे पाणी प्राणवायूला आधीच पारखे असते, त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा बसतो आणि उथळ तळावर जीवांना श्वास घेणे कठीण होते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात केलेल्या मोजमापांत पश्चिम किनाऱ्यालगतच्या पाण्यात प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइड तयार झाल्याचे आढळले होते. ही संस्था १ जानेवारी १९६६ रोजी, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ स्थापन झाली, आणि अरबी समुद्राविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा वाटा तिच्या कामातून आला आहे.

समुद्र किती खोल आहे?

जगातील समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे आणि पॅसिफिकमधील मारियाना गर्तेत ती सुमारे १०,९०० मीटरपर्यंत जाते. गोव्यासमोरचा समुद्र मात्र बऱ्याच अंतरापर्यंत उथळ आहे, कारण खंडाचीच उतरती कडा तेथे पाण्याखाली गेलेली आहे. मासेमारी बहुतांशी याच उथळ भागात चालते.

समुद्राची पातळी खरोखर वाढत आहे का, आणि गोव्याला त्याचा काय त्रास?

होय. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली आणि अलीकडच्या दशकांत वाढीचा वेग अधिक आहे. पाणी तापले की प्रसरण पावते, हे एक कारण; जमिनीवरचे बर्फ वितळून समुद्रात येते, हे दुसरे. पाण्यावर तरंगणारे बर्फ वितळल्याने पातळी फारशी बदलत नाही, कारण त्याने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते. म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका यांच्या जमिनीवरील बर्फाकडे असते. त्या दक्षिणेकडील बर्फाच्या अभ्यासाशी गोव्याचा जुना संबंध आहे: भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही वास्को येथे आहे.

वीस सेंटीमीटर म्हणजे वीतभर, आणि ती ऐकून पुष्कळांना काळजीचे कारण वाटत नाही. खाजनात मात्र तिचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. भरतीची रेषा वर सरकल्याने उधाणाच्या वेळी पाणी बांधाच्या माथ्याच्या अधिक जवळ येते. त्याच वेळी ओहोटीची रेषाही वर सरकते, त्यामुळे बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली राहण्याचा काळ आखडतो, मानसाची दारे रोज कमी वेळ उघडी राहतात आणि पावसाचे पाणी शेतातून बाहेर पडण्यास विलंब लागतो. नुसता बांध उंच करून हा दुसरा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी आतल्या ओहोळांतील गाळ काढून पाणी तात्पुरते साठण्यास जागा करावी लागते आणि मानसाची रुंदी नव्याने ठरवावी लागते.